चौदा माणसांचं गाव : निकोडेमस, कॅन्सस

आज ज्या गावाबद्दल बोलायचं आहे ते अमेरिकेत आहे. कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात ग्रॅहम काउंटी नावाचा जिल्हा आहे, त्यात सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ हे गाव. नाव निकोडेमस. २०२० च्या जनगणनेत तिथे १४ माणसं मोजली गेली. चौदाशे नव्हे, चौदा.

तुम्ही म्हणाल, चौदा माणसांच्या गावावर तासभर काय बोलणार? शिवाय मी काही इतिहासाचा माणूस नव्हे, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण याच कारणासाठी मला हे गाव महत्त्वाचं वाटतं. गाव म्हणजे नेमकं काय, ते कशाने जिवंत राहतं आणि ते मेलं असं कधी म्हणायचं, हे प्रश्न निकोडेमसच्या इतिहासात जितके उघडे पडतात तितके मोठ्या शहराच्या इतिहासात पडत नाहीत. मोठ्या शहरात उत्तरं गर्दीत लपतात.

आधी एक शब्द समजून घेऊ. अमेरिकेत निकोडेमसची नोंद ‘अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी’ अशी होते. तिथे एखाद्या वस्तीला शहराचा दर्जा हवा असेल तर राज्याच्या कायद्याखाली रीतसर ‘इन्कॉर्पोरेट’ व्हावं लागतं. मग तिला नगराध्यक्ष मिळतो, सभा मिळते, कर बसवण्याचा, नियम करण्याचा अधिकार मिळतो. हे ज्या वस्तीला नाही ती अनइन्कॉर्पोरेटेड. तिचे रस्ते, तिचा बंदोबस्त काउंटीकडे किंवा टाउनशिपकडे. आपल्याकडे महसुली गाव आणि त्याखालची वाडी, पाडा किंवा तांडा यांत जो फरक आहे, साधारण त्या जातीचा हा फरक समजा. वाडीला नाव असतं, देऊळ असतं, भांडणं तर असतातच, पण स्वतंत्र दप्तर नसतं.

‘इन्कॉर्पोरेट’ या शब्दात लॅटिन ‘कॉर्पस’ आहे, म्हणजे देह. कायद्याने देह मिळणं, असा त्याचा मूळ अर्थ. तेव्हा अनइन्कॉर्पोरेटेड गाव म्हणजे कायद्याच्या दृष्टीने देह नसलेलं गाव. असं गाव दीडशे वर्षं टिकतं कसं, हा आजचा प्रश्न.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ‘मिलिंदप्रश्न’ ठाऊक असेल. नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतो, महाराज, तुम्ही रथातून आलात ना? मग रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? हाच प्रश्न आपण गावाला लावू. घरं म्हणजे गाव का? बाजार म्हणजे गाव का? कायद्यातली नोंद म्हणजे गाव का? हे डोक्यात ठेवा आणि आता इतिहासाकडे या.

साल १८७७. यादवी युद्ध संपून बारा वर्षं झाली होती. दक्षिणेतल्या राज्यांत नव्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांना संरक्षण म्हणून जे केंद्राचं सैन्य होतं, त्याचा आधार त्याच वर्षी काढून घेतला गेला. निकोडेमसला गेलेली बहुतेक माणसं केंटकी राज्यातली होती. केंटकीची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते राज्य युद्धात संघराज्याच्या बाजूला राहिलं, म्हणून लिंकनची १८६३ ची मुक्तीची घोषणा तिथे लागूच झाली नाही. तिथल्या गुलामांची सुटका १८६५ च्या डिसेंबरात, तेराव्या घटनादुरुस्तीने झाली. म्हणजे या माणसांना कायद्याने स्वतःचं शरीर मिळून जेमतेम बारा वर्षं झाली होती. जमीन मात्र मिळाली नव्हती. मालकाच्याच शेतावर वाट्याने राबायचं, हिशेब मालकाने लिहायचा, आणि रात्री कोण दाराशी येईल याची धास्ती.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी फुल्यांची इच्छा होती. पुण्यात बसून या माणसाने हे ओळखलं होतं की दोन्हीकडचं दुखणं एका जातीचं आहे. ती अर्पणपत्रिका छापून झाली आणि चार वर्षांनी, ज्यांच्या मुक्तीबद्दल ती लिहिली होती त्यांतली काही माणसं सामान बांधून पश्चिमेला निघाली. कायद्याने मुक्त होणं आणि जगण्यात मुक्त होणं यांत अंतर आहे, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

कॅन्ससच का? एक तर कॅन्सस १८६१ मध्ये गुलामगिरी नसलेलं राज्य म्हणून संघराज्यात आलं होतं, आणि त्याआधी त्या प्रश्नावर तिथे रक्त सांडलं होतं. जॉन ब्राउनचं नाव त्या भूमीशी जोडलेलं होतं. दुसरं कारण १८६२ चा होमस्टेड कायदा. सरकारी जमिनीचा १६० एकरांचा तुकडा थोडी फी भरून नावावर मांडायचा, पाच वर्षं तिथे राहायचं, ती कसायची, मग मालकी मिळते. ज्याला काल-परवापर्यंत मालमत्ता म्हणून विकलं जात होतं, त्याला आता मालमत्तेचा मालक होता येणार होतं. या एका वाक्याचं वजन लक्षात घ्या.

१८ एप्रिल १८७७ रोजी ‘निकोडेमस टाउन कंपनी’ स्थापन झाली. सात जण होते, त्यांतले सहा कृष्णवर्णीय. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ, चिटणीस सायमन राउंडट्री नावाचे धर्मोपदेशक. सातवा डब्ल्यू. आर. हिल हा गोरा, जमिनीचे व्यवहार करणारा माणूस. आता गंमत बघा. जमिनीचे भूखंड विकणाऱ्या कंपनीची रीतसर नोंद झाली, कायद्याचा देह कंपनीला मिळाला. गावाला तो आजही नाही.

नावाबद्दल दोन मतं आहेत. बायबलमध्ये येशूला रात्री भेटायला येणारा एक पंडित आहे, मराठी बायबलात त्याला निकदेम म्हणतात, इंग्रजीत तोच निकोडेमस. पण बरेच अभ्यासक म्हणतात की गावाचं नाव हेन्री क्ले वर्क याने १८६४ मध्ये रचलेल्या एका गाण्यावरून आलं. त्यातला निकोडेमस हा गुलाम आहे, आणि मुक्तीची पहाट होईल तेव्हा मला उठवा असं तो सांगून ठेवतो. मला दुसरं मत पटतं, कारण हे गाव कशासाठी वसवलं जात होतं ते त्या नावात येतं.

कंपनीने केंटकीत पत्रकं वाटली, चर्चमधून सभा घेतल्या. सुपीक जमीन, मुबलक शिकार, पकडून माणसाळवता येतील असे रानटी घोडे, असं वर्णन हिल करी. सप्टेंबर १८७७ मध्ये तीनशेहून अधिक माणसं रेल्वेने एलिस या स्टेशनवर उतरली. तिथून निकोडेमस साधारण ५५ किलोमीटर. चालत दोन दिवस.

पोहोचल्यावर काय दिसलं? काही नाही. गवत, वारा आणि आभाळ. झाड म्हणाल तर नदीकाठी तेवढं. लाकूड नाही म्हणजे घर नाही. मग टेकाडाच्या उतारात खड्डा खणायचा, वर फांद्या, गवत आणि माती टाकायची आणि आत राहायचं. पुढच्या वसंतात, १८७८ मध्ये, जॉर्जटाउन भागातून आणखी एक जथा आला. त्यात विलियाना हिकमन नावाची बाई होती, धर्मोपदेशक डॅनियल हिकमनची बायको. एलिसला मुक्काम असताना जथ्यात गोवर पसरला, काही मुलं दगावली. त्यांना तिथेच पुरून मंडळी पुढे निघाली. निकोडेमस आलं असं कुणीतरी म्हणालं तेव्हा तिला दिसला फक्त जमिनीतून वर येणारा धूर. आपली माणसं जमिनीखाली राहताहेत हे पाहून ती रडली. म्हातारपणी तिने ही आठवण सांगितली आणि ती नोंदली गेली, म्हणून आपल्याला कळते. काही कुटुंबं लगोलग परत फिरली. हिलवर तर लोक इतके चिडले होते की त्याचा जीव थोडक्यात वाचला असं सांगतात.

पहिला हिवाळा फार वाईट गेला. पेरणीचा हंगाम निघून गेला होता. सरपण म्हणून सूर्यफुलाची वाळकी ताटं आणि गवताळ रानात पडलेलं रानगव्यांचं शेण. पुरुष लांबवर रेल्वेच्या कामावर मजुरीला जात. रानगव्यांची हाडं गोळा करून विकत. आणि गावची परंपरा सांगते की शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी त्यांना मांस दिलं, म्हणून काही जण जगले.

इथे जरा थांबूया. कारण ‘सरकारची मोकळी जमीन’ हा शब्दप्रयोग मी मघाशी सहज वापरला, तुम्हीही सहज ऐकून घेतलात. ती जमीन मोकळी कशी झाली? कॅन्ससच्या मैदानांवरून एकामागून एक आदिवासी जमाती हटवल्या गेल्या होत्या. खुद्द ओसेजांना १८७० च्या कायद्यानंतर कॅन्ससमधली उरलीसुरली जमीन सोडून दक्षिणेला, इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं होतं. म्हणजे ज्यांची जमीन नुकतीच गेली होती त्यांनी, ज्यांना पहिल्यांदाच जमीन मिळत होती त्यांना घास दिला. जॉन लॉक म्हणाला होता की माणूस पडीक जमिनीत आपले श्रम मिसळतो आणि ती त्याची होते. फार देखणा सिद्धांत आहे. पण ‘पडीक’ कुणी ठरवायचं, हा प्रश्न त्यात अवघड जागी राहून जातो. निकोडेमसच्या लोकांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. त्यांच्यापुढे पर्याय होते कुठे? पण अन्यायातून सुटण्याची एकाची वाट दुसऱ्यावरच्या अन्यायावरून जाऊ शकते, हे इतिहास लिहिताना झाकता कामा नये.

पुढे गाव उभं राहिलं. नांगराला जनावरं मोजकीच, म्हणून कुदळ-फावड्याने जमीन फोडली. जेनी स्मिथ फ्लेचर ही तिथली पहिली शिक्षिका. मातीच्या घरातच शाळा भरायची. तिचा नवरा झॅकरी फ्लेचर याने हॉटेल काढलं. पोस्टाचं कामही त्या घराकडे होतं. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दुकानं, हॉटेलं, चर्चेस, बँक, बँड, बेसबॉलचा संघ, सगळं झालं. ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि ‘निकोडेमस एंटरप्राइज’ अशी दोन साप्ताहिकं निघू लागली. काहीशे वस्तीच्या गावात दोन वर्तमानपत्रं! म्हणजे मतभेदही भरपूर असणार, आणि ते निरोगी गावाचं लक्षण आहे.

या गावातूनच एडविन मॅकेब पुढे आला. १८७८ मध्ये तो तिथे आला. १८८० मध्ये ग्रॅहम काउंटीची घडी बसली तेव्हा तात्पुरता काउंटी कारकून म्हणून त्याची नेमणूक झाली. १८८२ मध्ये तो कॅन्सस राज्याचा लेखापाल, म्हणजे ऑडिटर म्हणून निवडून आला. राज्यव्यापी पदावर निवडून आलेला तिथला पहिला कृष्णवर्णीय. दोन मुदती त्याने ते पद सांभाळलं. हा माणूस लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

आता रेल्वे. त्या काळात पश्चिमेकडच्या गावांचं नशीब रेल्वेच्या रुळांवर ठरत असे. धान्य बाहेर जायला रेल्वे हवी, माल आत यायला रेल्वे हवी. १८८७ मध्ये मिसूरी पॅसिफिक कंपनीने मार्ग गावावरून न्यावा म्हणून निकोडेमस टाउनशिपने १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. दहा वर्षांपूर्वी जी माणसं जमिनीत खड्डे खणून राहत होती त्यांनी! पण ती कंपनी तिथवर आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचा मार्ग आला, तो नदीच्या पलीकडून, गावापासून सुमारे दहा किलोमीटरवरून गेला. रुळांचं काम करणाऱ्यांच्या छावणीचं तिथे बोग नावाचं गाव झालं. निकोडेमसचे दुकानदार तिकडे गेले, काहींनी तर इमारतीच उचलून नेल्या. दोन्ही साप्ताहिकं बंद पडली. मॅकेबही पुढे ओक्लाहोमात गेला. काउंटीचं मुख्य ठिकाण झालं हिल सिटी. नाव ओळखीचं वाटतं ना? तेच ते हिल.

बहुतेक जण गोष्ट इथे संपवतात. रेल्वे आली नाही आणि गाव मेलं. ऐकायला सोपं, सांगायला सोपं. आपल्याकडेही अशी वाक्यं सर्रास ऐकू येतात : हमरस्ता पलीकडून गेला आणि गाव बसलं. मला हे वाक्य तपासून बघायचं आहे.

निकोडेमसमध्ये आज पाच ऐतिहासिक इमारती जपल्या आहेत. त्यांतलं हॉटेल आणि आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च या दोन १८८० च्या दशकातल्या, म्हणजे रेल्वे चुकण्याच्या आधीच्या. बाकीच्या तीन बघा. चुनखडीच्या दगडातलं फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च १९०७ चं. शाळेची इमारत १९१८ ची. टाउनशिप हॉल १९३९ चा, महामंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून बांधलेला. म्हणजे पाचांपैकी तीन इमारती गाव ‘मेल्यानंतर’ बांधलेल्या आहेत! मेलेलं गाव दगडी चर्च बांधत नाही. शाळा तर मुळीच बांधत नाही. कारण शाळा बांधणं म्हणजे पुढची वीस-तीस वर्षं इथे मुलं असणार आहेत असं मानणं.

मग १८८८ मध्ये मेलं काय? माझं उत्तर असं की पेठ मेली, गाव नाही. दुकानं, बँक, वर्तमानपत्रं, भूखंडांचे वाढीव भाव, हे सगळं पेठेचं होतं आणि ते गेलं. शेतकरी गेले नाहीत. का गेले नाहीत? कारण दुकान उचलून गाडीवर घालता येतं, १६० एकर घालता येत नाहीत. आणि ती जमीन त्यांच्या नावावर होती. ज्यांच्या बापजाद्यांना कुणाच्या तरी नावावर असायची वेळ आली होती, त्यांच्या नावावर आता जमीन होती. ती सोडून रुळांमागे जाणं हा निव्वळ नफ्यातोट्याचा हिशेब नव्हता.

ऱ्हास आला तो नंतर आणि सावकाश. १९३० च्या दशकातला दुष्काळ आणि धुळीची वादळं, महामंदी, मग यंत्रं. ट्रॅक्टर आला की एका कुटुंबाला १६० एकर पुरत नाहीत, पाचशे हवेत, हजार हवेत. ज्याला कर्ज मिळतं तो वाढतो, ज्याला मिळत नाही तो विकतो. कर्ज देताना रंग पाहिला जातो अशी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची देशभरची तक्रार होती. त्यासाठी त्यांनी केंद्रीय कृषी खात्यावर दावा लावला आणि १९९९ मध्ये त्यात तडजोड झाली. तोवर पुष्कळ जमिनी गेल्या होत्या. निकोडेमसची वस्ती १९३५ मध्ये ७६ वर आली, १९५० मध्ये १६ वर. १९५३ मध्ये पोस्ट बंद झालं. १९६० मध्ये शाळा बंद झाली. या दोन तारखा मला रेल्वेपेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात. पोस्ट गेलं म्हणजे गावाचं नाव पत्त्यातून गेलं. शाळा गेली म्हणजे तरुण जोडप्यांना राहायचं कारण गेलं. आणि ज्या वस्तीला स्वतःची नगरसभा नाही, तिच्या वतीने हे बंद करू नका म्हणून ठराव करणारं अधिकृत कुणी नसतं. कायद्याचा देह नसल्याची किंमत तिथे मोजावी लागते.

मग तरीही गाव उरलं कसं?

दरवर्षी जुलैच्या शेवटी निकोडेमसला वंशजांचा मेळा भरतो, त्याला ते ‘होमकमिंग’ म्हणतात. डेन्व्हर, टोपेका, कॅलिफोर्निया, कुठून कुठून माणसं येतात. मिरवणूक, जेवणावळी, चर्चमधली प्रार्थना, जुन्या गोष्टी. हा सण मुळात मुक्तिदिनाचा. तारीख १ ऑगस्ट, कारण १८३४ मध्ये त्या दिवशी ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीजमधल्या वसाहतींत गुलामगिरी संपवणारा कायदा अमलात आला. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपल्या मुक्तीच्याही आधीपासून तो दिवस पाळत असत. जाता जाता सांगतो, तो कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलुखाला लागू नव्हता. आपल्याकडे गुलामीची कायदेशीर मान्यता काढणारा कायदा १८४३ मध्ये झाला. मुक्ती एका तारखेला सगळ्यांना मिळत नाही.

आपल्या कोकणात हे चित्र नवं नाही. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, बंद घरांची कुलपं उघडतात, आणि चार दिवस गाव पूर्ण भरतं. एरवी दोन म्हातारी माणसं असलेल्या घराला तेव्हा दहा-दहा वारस असतात. मग त्या गावाची लोकसंख्या किती म्हणायची? दोन की बावीस? जनगणना रात्री कोण कुठे झोपलं ते मोजते. मी कुठला, हा प्रश्न ती विचारत नाही.

पण याचं उदात्तीकरण नको. आठवणीवर गाव चालतं असं म्हणणं सोपं आहे. आठवण पाण्याचा पाइप दुरुस्त करत नाही, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेत नाही. निकोडेमसच्या वंशजांना हे पक्कं कळलं होतं. १९७६ मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. १९८८ मध्ये वंशजांच्या पुढाकाराने तिथे इतिहास मंडळ स्थापन झालं. कागद, छायाचित्रं, म्हाताऱ्यांच्या मुलाखती गोळा होऊ लागल्या. आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून निकोडेमस हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केलं. कायद्याने गावाला शेवटी देह दिला, पण गाव म्हणून नव्हे, स्मारक म्हणून. या दोन गोष्टींत फरक आहे. स्मारकाला पाहुणे येतात, गावाला पोरं होतात. स्मारकाची देखभाल होते, गावात भांडण होतं. माझी भीती एवढीच आहे की दर्जा मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असं आपण मानतो. इमारती वाचवायला निधी मिळतो. तिथे शेती करून राहता यावं यासाठी काय मिळतं, हे कुणी विचारत नाही.

आता कुणी म्हणेल, चौदा माणसांसाठी एवढं कशाला? खर्चाच्या हिशेबात बसत नाही. या प्रश्नासाठी मॅकेबकडे परत जाऊ.

मॅकेब ओक्लाहोमात स्थायिक झाला. तिथे १९०७ मध्ये राज्य झाल्याबरोबर रेल्वेत रंगानुसार वेगळे डबे ठेवण्याचा कायदा आला. त्यात अशी तरतूद होती की झोपण्याचे आणि जेवणाचे डबे कंपन्यांनी फक्त गोऱ्यांसाठी ठेवले तरी चालतील. कारण काय? कृष्णवर्णीयांमधून अशा डब्यांना पुरेशी मागणी नाही! मॅकेब आणि आणखी काही जण याविरुद्ध न्यायालयात गेले. योगायोग बघा, ज्या माणसाच्या गावाला रेल्वेने वळसा घातला, तो पुन्हा रेल्वेशीच भांडत होता. १९१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मॅकेब हरला. तुमच्यावर प्रत्यक्ष अन्याय झाल्याचं तुम्ही दाखवलं नाहीत, असं तांत्रिक कारण. पण न्यायमूर्ती ह्यूज यांनी निकालात एक तत्त्व नोंदवून ठेवलं. संख्या कमी, मागणी कमी, म्हणून सोय नाही हा युक्तिवाद चालणार नाही, कारण घटनेने दिलेला हक्क हा व्यक्तीचा असतो, किती जण तो मागतात यावर तो अवलंबून नसतो. १९३८ मध्ये मिसूरीतल्या कायद्याच्या शिक्षणाच्या खटल्यात या तत्त्वाचा आधार घेतला गेला, आणि पुढे १९५४ च्या शाळांच्या निकालाकडे जाणाऱ्या वाटेवर ते एक पाऊल ठरलं. तो १९५४ चा खटला कुठल्या गावचा? टोपेका, कॅन्सस.

तेव्हा चौदा माणसांसाठी एवढं कशाला, या प्रश्नाचं उत्तर निकोडेमसच्याच माणसाच्या खटल्यातून आलेलं आहे. हक्काला कोरम लागत नाही.

आपण नागसेनाच्या प्रश्नापाशी आलो. घरं म्हणजे निकोडेमस का? मातीची घरं केव्हाच मातीत गेली. पेठ? ती बोगला गेली. पोस्ट, शाळा? बंद झाली. कायद्यातली नोंद? शहर म्हणून नाही. नागसेन म्हणाला होता की या सगळ्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालतं, वेगळा रथ कुठे नाही. गावाच्या बाबतीत मी त्यात एक भर घालीन. रथाला स्वतःला रथ म्हणवून घ्यायचं नसतं. गावाला असतं. जोवर काही माणसं आम्ही इथले असं म्हणतात, आणि नुसतं म्हणत नाहीत तर त्यासाठी प्रवास करतात, जमिनीचा कर भरतात, चर्चचं छप्पर दुरुस्त करतात, मुलांना घेऊन येतात, तोवर ते गाव आहे. हे थांबलं की मग दर्जा कितीही मोठा असो, ते फक्त स्थळ.

आपल्याकडे किती वाड्या, किती पाडे, किती तांडे असे असतील की ज्यांचं स्वतंत्र दप्तर नाही आणि म्हणून ज्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही. पटसंख्या कमी म्हणून शाळा, प्रवासी कमी म्हणून एसटी, असा हिशेब तिथेही चालतो. तुमच्यापैकी ज्यांची मुळं अशा वस्तीत आहेत त्यांना माझी विनंती आहे की या सुट्टीत गावी जाल तेव्हा तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा : पहिलं घर कुणाचं? विहीर कुणी खणली? जमीन आधी कुणाची होती? शाळा कधी सुरू झाली? उत्तरं तारीख घालून वहीत लिहून ठेवा. विलियाना हिकमनची आठवण कुणीतरी वेळेवर टिपून घेतली, म्हणून आज आपल्याला तो जमिनीतून येणारा धूर दिसतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.